आखडलेले चामडे आणि उचललेला चेहरा

भिजलेली चप्पल चुलीजवळ वाळत ठेवायची नाही, हे कोल्हापुरात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. मी मात्र शाळेत असताना एका पावसाळ्यात ती ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्यात बोट जाईना. चप्पल लाईनमधल्या ज्या वृद्ध कारागिरांकडून वडिलांनी ती घेतली होती, त्यांनी ती वाकवून पाहिली आणि एवढेच म्हटले, "चामडं आखडलं बाळ. आता ते मागं यायचं न्हाई." पुढे रसायनशास्त्र शिकवू लागले तेव्हा त्यामागचे कारण उमगले. चामडे म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन. त्याच्या तीन पेडांच्या दोऱ्या ओल्या असताना ठरावीक तापमानापलीकडे तापल्या की पीळ सुटतो आणि तंतू आकसतो. कच्च्या कातड्यात हे ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास घडते, आणि बाभळीची साल व हिरडा घालून कमावलेले चामडे त्याहून अधिक उष्णता सोसते.

गेल्या आषाढात धाकटी बहीण राजारामपुरीतल्या एका क्लिनिकचे पत्रक घेऊन आली, तेव्हा ती चप्पल मला आठवली. तिचे वय ५३, मुलाचे लग्न मार्गशीर्षात, आणि पत्रकावर ठळक अक्षरांत 'शस्त्रक्रियेविना फेसलिफ्ट'. "आक्का, हे मशीन चेहरा वर ओढतं म्हणजे नेमकं काय करतं, ते तू वाचून सांग. तिथली पोरगी नुसती हसतीया," असे ती म्हणाली.

ओढत काहीच नाही, हे प्रथम सांगायला हवे. ही यंत्रे त्वचेच्या आत मोजूनमापून इजा करतात, आणि त्यानंतर जे घडते ते शरीर स्वतः ती इजा भरून काढताना घडवते. गुडघा खरचटल्यावर जी दुरुस्ती होते तीच इथे होते, फक्त वरची कातडी शाबूत ठेवून.

चेहरा उतरतो तो केवळ कातडी सैल झाल्यामुळे नव्हे. प्रौढ वयात त्वचेतील कोलॅजन वर्षाला साधारण १ टक्क्याने घटत जाते, आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होते. त्याच काळात गालांखालची चरबी खाली सरकते व झिजते, आणि जबड्याचे हाडदेखील थोडे आक्रसते. त्वचा आणि चरबी यांच्या खाली, चेहऱ्याच्या स्नायूंना वेढणारा एक तंतुमय पडदा असतो. मिट्झ आणि पेयरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९७६ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि तेव्हापासून शल्यचिकित्सक फेसलिफ्ट करताना नुसती कातडी न ओढता हा पडदाच वर घेऊन टाके घालू लागले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'स्मास' म्हणतात.

हायफू या नावाने ओळखले जाणारे यंत्र सुरीविना याच पडद्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करते. लहानपणी आपण भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळत असू. इथे उन्हाऐवजी ध्वनिलहरी असतात, आणि त्या १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटर खोलीवर एकत्र येतील अशी यंत्राची टोके बनवलेली असतात. वाटेतल्या कातडीतून त्या विखुरलेल्या अवस्थेत जातात, त्यामुळे ती भाजत नाही; मात्र जिथे त्या एकवटतात तिथल्या बारीकशा ठिपक्याचे तापमान क्षणार्धात ६० अंशांच्या वर जाते. कोलॅजन तिथल्या तिथे आखडते. माझ्या चपलेचे झाले ते हेच, पण चप्पल मेलेल्या कातड्याची होती आणि चेहरा जिवंत आहे, हा फरक सगळे काही बदलून टाकतो. भाजलेल्या ठिपक्याकडे आधी सफाई करणाऱ्या पेशी धावतात, मग तंतू विणणाऱ्या पेशी घाईघाईने एक कच्चे, विस्कळीत कोलॅजन घालतात, आणि पुढचे कित्येक आठवडे ते हळूहळू काढून त्या जागी अधिक बळकट प्रकारचे कोलॅजन विणले जाते. म्हणूनच खरा परिणाम २ ते ३ महिन्यांनी दिसू लागतो आणि कधी कधी सहाव्या महिन्यापर्यंत वाढत राहतो. उपचाराच्या संध्याकाळीच आरशात जे घट्ट वाटते, त्यात सुजेचा मोठा वाटा असतो. 'एका बैठकीत १० वर्षे तरुण' असे लिहिणारे पत्रक त्या सुजेचेच पैसे मागत असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेडिओफ्रीक्वेन्सीचे तत्त्व वेगळे आहे. तिथे वीजप्रवाहाला ऊती विरोध करतात आणि त्या विरोधातून उष्णता निर्माण होते. ती एका ठिपक्यात न राहता पसरते, म्हणून पडद्यापेक्षा त्वचेच्या जाडीवर तिचा परिणाम अधिक होतो. मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णताही नसते, केवळ बारीक सुयांची टोचणी. पीआरपीमध्ये रुग्णाचेच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात आणि प्लेटलेट्सने दाट झालेला पिवळसर द्रव टोचतात. प्लेटलेट्समधून दुरुस्तीला चालना देणारे घटक सुटतात हे खरे, पण रक्त आणि पद्धत दोन्ही दरवेळी वेगळी असल्याने निकालही एकसारखे येत नाहीत.

बोटॉक्स आणि फिलर यांना याच रांगेत बसवतात, ते चूक आहे. बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवते आणि ३-४ महिन्यांत ओसरते. त्वचेची डागडुजी त्याने होत नाही. फिलर रिकामी जागा भरते. त्यातले हायलुरॉनिक आम्ल १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे केले गेले, आणि आज ते जिवाणूंकडून बनवून घेतात. नको असल्यास ते आम्ल तोडणारे विकर (एन्झाइम) टोचून ते विरघळवता येते, ही त्याची मोठी सोय; परंतु चुकून रक्तवाहिनीत गेले तर कातडी मरते आणि क्वचित दृष्टीही जाते. ज्या ठिकाणी ते विकर हाताशी नाही, तिथे फिलर घेऊ नये.

बहिणीला खरी धास्ती वेगळीच होती. तीन वर्षांपूर्वी वास्तुशांतीच्या तोंडावर एका पार्लरमध्ये तिने पील, म्हणजे रसायन लावून वरची कातडी सोलून काढणे, करून घेतले, दुसऱ्याच दिवशी उन्हात मंडईला गेली, आणि दोन्ही गालांवर आलेले काळे चट्टे आठ महिने राहिले. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगपेशी कोणत्याही दाहाला रंग ओतून उत्तर देतात. त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या, त्वचा उन्हात किती भाजते व काळवंडते यावरच्या वर्गीकरणात आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात, आणि बऱ्याच लेझरांची ऊर्जा हाच रंग शोषून घेतो. ध्वनिलहरींना मात्र रंगाशी कर्तव्य नसते, त्यामुळे तिच्या बाबतीत हायफू हा तुलनेने शहाणपणाचा पर्याय होता. त्यातही जबड्याजवळून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊन ओठाचा कोपरा काही आठवडे वाकडा राहू शकतो, आणि गाल आधीच बसलेले असतील तर चरबी आणखी झिजून चेहरा ओढलेला दिसतो. यंत्र कोणाच्या हातात आहे हे म्हणूनच यंत्राच्या नावाआधी विचारावे.

पत्रकवाले क्लिनिक आम्ही सोडले, कारण 'डॉक्टर केव्हा असतात' या प्रश्नाला तीन दिवसांत तीन उत्तरे मिळाली. ताराबाई पार्कातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या गालाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सांगितले की मानेवरची लोंबती कातडी याने हलणार नाही, जबड्याची रेघ थोडी उठेल, आणि लग्नाच्या निदान तीन महिने आधी यायला हवे. श्रावणात तिने ते करून घेतले. हाडाजवळच्या माऱ्यांना तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचे वळ उठले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीशी मी तिचा फोटो काढते, कारण उजेड बदलला की चेहरा कोणताही दिसतो. काल तिसरा फोटो काढला. उजव्या बाजूला जबड्याची कड पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे, हे मलाही मान्य आहे. डाव्या बाजूलाही तसेच आहे असे तिचे म्हणणे आहे; दोन्ही फोटो शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहिले, मला ते दिसले नाही.