भा. रा. भागवत म्हणजे फक्त फास्टर फेणे नाही!
मुलांसाठी लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांचं (१९१०-२००१) नाव काढलं की सगळे लगेच फास्टर फेणे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा, फुरसुंगीचा तो काडीपैलवान बनेश फेणे, त्यांच्या गोष्टींचा नायक, पुण्यात हॉस्टेलला राहणारा, सायकल दामटत नको तिथे नाक खुपसणारा आणि तोंडाने 'ट्टॉक्' करणारा, असा पोरगा आपल्याही वर्गात असावा असं कुणाला वाटलं नसेल? पण पुस्तकांचा किडा असलेला त्यांचा बिपिन बुकलवार मला तितकाच जवळचा, त्याच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलतच नाही. शिवाय भागवतांनी 'बालमित्र' मासिक चालवलं, फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तोही असा की भाषांतर वाचतोय हे जाणवतच नाही. एवढं लिहूनही मुलांना उपदेशाचे डोस पाजले नाहीत, हे मला सगळ्यात भारी वाटतं.