सारायेव्हो : पूर्वेकडून पश्चिमेकडे

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, सारायेव्हो

मोस्तारहून सकाळच्या बसने यायचं, सेबिल्यच्या कारंज्यापाशी फोटो, लॅटिन पुलावर फोटो, चेवापी (खिम्याचे भाजलेले छोटे मुटके) खाऊन संध्याकाळी परत. बोस्नियाची राजधानी असलेल्या या शहराचा हा रिवाज होऊन बसला आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथली एकेक वास्तू सुटी पाहिली तर लहानशीच वाटते. सेबिल्य म्हणजे लाकडी जाळीची एक पाणपोई. लॅटिन पूल म्हणजे चार कमानींचा साधा दगडी पूल. पण ज्या क्रमाने हे शहर वाढलं त्याच क्रमाने चालत गेलं, की ही प्रत्येक जागा बोलू लागते.

हा क्रम समजायला सोपा आहे. मिल्यात्स्का नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे शहराला वाढायला एकच दिशा होती. १५व्या शतकात ऑटोमन राजवटीने दरीच्या पूर्व टोकाला बाश्चार्शिया हा बाजार वसवला. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी आलं, त्यांनी त्याला लागून पश्चिमेला व्हिएन्नाच्या धर्तीचं शहर उभारलं. युगोस्लाव्हियाच्या काळातल्या उंच इमारती त्याच्याही पुढे. म्हणून सुरुवात सेबिल्यपासून करावी आणि नदीच्या प्रवाहाबरोबर चालावं. उलट दिशेने आलात तर आधी काचेचे मॉल लागतात आणि बाजार हा शेवटी जोडलेला देखावा वाटतो.

बाश्चार्शियात सकाळी नऊच्या आत पोहोचावं. सहलींचे गट दहानंतर येतात. कझांजिलुक ही तांबटांची गल्ली सेबिल्यला लागूनच आहे. दुकानात मांडलेला प्रत्येक जेझवा (कॉफीचं लांब दांड्याचं भांडं) हाताने ठोकलेला असतो असं नाही. भांडं हातात घेऊन बोट फिरवा. हातोडीचे ठोके आतूनही थोडे उमटलेले लागतात आणि बुडाची जाडी सगळीकडे सारखी नसते. यंत्रावर दाबलेलं भांडं आतून गुळगुळीत असतं. वापरायला घेत असाल तर आतली कल्हई नीट पाहून घ्या. कल्हई नसलेलं तांबं फक्त शोभेचं.

गाझी हुस्रेव-बेग मशीद १५३०-३१ ची. अंगण खुलं असतं, आत जायला तिकीट लागतं आणि नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. शुक्रवारी दुपारी जाण्याचा बेत करूच नका. रमजानमध्ये आधी चौकशी करा. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवावी.

मशिदीशेजारचा साहात-कुला हा घड्याळाचा मनोरा मात्र दहा मिनिटं थांबून पाहण्यासारखा. लोक वर बघतात, मनगट बघतात आणि घड्याळ बंद पडलंय म्हणून पुढे जातात. घड्याळ बरोबर चालू असतं. त्याचे काटे सूर्यास्ताला बारावर येतात, कारण जुन्या ऑटोमन पद्धतीत नवा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, इथे सूर्य मावळला की. सध्या सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या सुमाराला आहे. म्हणजे सकाळी दहा वाजता सूर्यास्ताला सोळा तास झालेले असतात आणि मनोरा चार दाखवतो. जूनच्या अखेरीस सूर्य साडेआठला मावळतो, तेव्हा त्याच दहा वाजता काटे दीडवर असतात. डिसेंबरात सव्वाचारच्या आतच मावळतो, तेव्हा सहाला थोडी कमी. सूर्यास्त रोज सरकत असल्यामुळे हे घड्याळ एकदा लावून सोडता येत नाही. मुवेकित, म्हणजे कालमापक, ७६ लाकडी पायऱ्या चढून काटे पुन्हा जुळवतो. यंत्र लंडनच्या गिलेट अँड ब्लँडचं, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आणलेलं. मशिदीच्या अंगणातली मुवेकितखाना ही छोटी इमारत १८५९ ची, तिथे बसून वेळेचं गणित मांडत. आधी ती पाहा, मग मान वर करा. नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात, त्यामुळे या मनोऱ्याचं काम नक्की काय होतं ते तिथेच कळतं.

खाण्याबद्दल एक गोष्ट आपल्या शाकाहारी मंडळींसाठी. बोस्नियात बुरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हणजे खिम्याचाच. ‘व्हेज बुरेक’ मागू नका, घोटाळा होतो. चीजचा हवा असेल तर सिर्नित्सा, पालक आणि चीजचा झेल्यानित्सा, बटाट्याचा क्रोम्पिरुशा. हे सगळे वजनावर विकतात आणि एका माणसाला पाव किलो भरपूर होतो. दुकान निवडताना एवढंच बघा, की लोखंडी झाकणावर निखारे ठेवून भाजतात का. या झाकणाला साच म्हणतात. साचखालचा पापुद्रा वरून खुसखुशीत आणि आतून ओलसर राहतो, विजेच्या भट्टीत तो सगळाच कोरडा पडतो. सोबत पातळ दही घ्या.

बाजारातून पश्चिमेला निघालं की फेरहादिया रस्त्यावर फरशीत एक रेघ आखलेली आहे. पूर्वेकडे तोंड केलं तर कौलारू बुटकी दुकानं, पश्चिमेकडे केलं तर चार मजली, नक्षीदार ऑस्ट्रियन इमारती. दोन पावलांत एवढा बदल दुसरीकडे क्वचितच दिसतो. इथून थोडं पुढे जोसिप व्हान्त्साशने बांधलेलं, १८८९ साली पूर्ण झालेलं कॅथलिक कॅथेड्रल. मशीद, १५८१ चं जुनं सिनेगॉग (आता ज्यू संग्रहालय), जुनं ऑर्थोडॉक्स चर्च आणि हे कॅथेड्रल, चारही दहा मिनिटांच्या चालीत.

आता लॅटिन पूल. इथे जवळजवळ सगळे चुकीच्या जागी उभे राहतात. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड इथे मारला गेला आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, पण त्या गोळ्या पुलावर झाडल्या गेल्या नाहीत. पुलासमोर, नदीच्या उत्तर काठाच्या कोपऱ्यावर झाडल्या गेल्या. आज तिथे १८७८ ते १९१८ या काळाचं छोटं संग्रहालय आहे, तेव्हा शिलरचं खाद्यपदार्थांचं दुकान होतं. घटना समजून घ्यायची तर वियेच्नित्सापासून, म्हणजे त्या वेळच्या टाऊन हॉलपासून, नदीकाठाने पश्चिमेकडे चालत या. पाच-सात मिनिटं लागतात. सकाळी येताना फ्रान्झ फर्डिनांडच्या ताफ्यावर कटातल्या चाब्रिनोविचने बॉम्ब फेकला होता, तो मागच्या गाडीखाली फुटला. टाऊन हॉलमधून निघताना बेत बदलला. जखमींना भेटायला इस्पितळात जायचं, त्यासाठी काठाकाठाने सरळ जायचं ठरलं. पण हा बदल चालकाला कोणी सांगितला नाही. ठरल्या मार्गाप्रमाणे त्याने पुलापाशी गाडी उजवीकडे वळवली, गव्हर्नर पोतिओरेकने ओरडून थांबवलं आणि गाडी नेमकी कटातल्याच १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपसमोर उभी राहिली. चालत आलं की ते वळण किती अरुंद आहे आणि अंतर किती थोडं, हे पायांना कळतं. मूळ गाडी इथे शोधू नका. ती व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे.

वियेच्नित्सा आतून पाहायलाच हवी. १८९६ साली उघडलेली ही मूरिश धाटणीची इमारत १९४९ पासून राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय होती. बोस्नियाच्या युद्धात, २५-२६ ऑगस्ट १९९२ च्या रात्री, शहराला वेढा घातलेल्या सर्ब फौजांनी डोंगरावरून आगलावे गोळे डागून ती जाळली आणि लाखो पुस्तकं गेली. ९ मे २०१४ ला पुन्हा उघडली. दुरुस्ती इतकी संपूर्ण आहे, की रंगीत काचेच्या छताखाली उभं राहिल्यावर इथे आग लागली होती यावर विश्वास बसत नाही. म्हणून वरचं दालन पाहून लगेच बाहेर पडू नका. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचं माहिती केंद्रही याच इमारतीत आहे, त्याला वेळ द्या.

शहराचा हा वेढा ५ एप्रिल १९९२ पासून २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत चालला, १४२५ दिवस. त्याच्या खुणा पाहायला मान खाली घालावी लागते. तोफगोळा पडून काँक्रीटमध्ये मधोमध खड्डा आणि भोवती फाकलेले ओरखडे पडत. जिथे माणसं मेली तिथल्या काही खुणा लाल राळेने भरल्या, त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. एक कॅथेड्रलसमोरच आहे. फरशा बदलताना बरेच नाहीसे झाले, राहिलेल्यांचा रंगही विटत चालला आहे. पाऊस पडून गेल्यावर ते जास्त ठळक दिसतात. त्यावर पाय देऊन फोटो काढणारे रोज दिसतात. तसं करू नये, शेजारून जाणाऱ्या माणसाच्या घरातलं कोणी तिथे गेलेलं असू शकतं. मार्काले मंडई इथून दोन मिनिटांवर. ५ फेब्रुवारी १९९४ ला एकाच गोळ्याने तिथे ६८ माणसं गेली. मागच्या भिंतीवर नावं आहेत आणि समोर आजही भाजी विकतात. काहीतरी विकत घ्या, मग भिंतीपाशी उभे राहा. निव्वळ कॅमेरा घेऊन गाळ्यांमध्ये घुसलेलं विक्रेत्यांना आवडत नाही.

बुत्मिरचा बोगदा शहराबाहेर, विमानतळाच्या पलीकडे. त्याला अर्धा दिवस धरा. वेढ्यातल्या शहरात सामान आणण्यासाठी १९९३ मध्ये धावपट्टीखालून तो सुमारे ८०० मीटर खणला, रुंदी साधारण एक मीटर आणि उंची दीड मीटरच्या आसपास, म्हणजे पाठीवर ओझं घेऊन वाकूनच जायचं. आज जेमतेम २५ मीटरचा तुकडा चालून बघता येतो आणि तेवढ्यातही पाठ भरून येते. बाश्चार्शियाहून ३ नंबरची ट्राम धरून शेवटच्या थांब्यापर्यंत, इलिजाला जायचं, तिथून ३२ नंबरची बस, तीही शेवटपर्यंत, पुढे थोडं चालणं. अडचण बसची आहे. ती वारंवार नसते, रविवारी तर फारच कमी. तिघे-चौघे असाल तर इलिजाहून टॅक्सी करा. ट्रामचं तिकीट चढल्या चढल्या यंत्रात छापून घ्या, नुसतं खिशात ठेवलेलं तिकीट तपासनीस ग्राह्य धरत नाहीत.

वरून शहर पाहायला दोन जागा. झुटा ताबिया हा बुरूज सेबिल्यपासून चढाने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वाटेत कोवाची इथलं युद्धात गेलेल्यांचं पांढऱ्या दगडांचं कब्रस्तान लागतं. सूर्यास्ताला गर्दी होते, अर्धा तास आधी पोहोचा. रमजानमध्ये उपवास सुटण्याची तोफ इथूनच उडते. दुसरी जागा ट्रेबेविच. १९५९ ची केबल कार युद्धात बंद पडली, ती ६ एप्रिल २०१८ ला पुन्हा सुरू झाली. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेचा (बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा) काँक्रीट मार्ग आहे, त्यावरून चालत उतरता येतं. मळलेली वाट सोडून रानात शिरू नका. बोस्नियाच्या डोंगरांत युद्धातले सुरुंग अजून पूर्णपणे काढून झालेले नाहीत. जोराचा वारा असला की केबल कार थांबवतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्यांनी धुक्याचा हिशोब ठेवायला हवा. थंड हवा दरीत बसते, वर उबदार हवेचं झाकण येतं आणि चुलींचा, गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. अशा दिवशी झुटा ताबियावरून काहीच दिसत नाही, विमानंही रद्द होतात किंवा दुसरीकडे उतरतात. ट्रेबेविच मात्र बरेचदा त्या थराच्या वर असतो, तेव्हा तिकडे जा. परतीच्या विमानाला जोडून दुसरं विमान असेल तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिथला सारायेव्हो हगादा हा १४व्या शतकातला स्पेनमधला ज्यू हस्तलिखित ग्रंथ ठरावीक वेळीच पाहायला मिळतो, त्यासाठी आदल्या दिवशी चौकशी करून वार ठरवा. बागेतले स्तेचाक हे मध्ययुगीन कोरीव थडगे-दगड मात्र चुकवू नयेत, पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत. चलन परिवर्तनीय मार्क, १ युरोला १.९५५८३ असा बांधलेला भाव. पण दुकानदार सोयीसाठी दोनाला एक धरतात, त्यात युरो देणाऱ्याचा थोडा फायदाच होतो. लहान दुकानांत, बसमध्ये रोखच लागते. देशाबाहेर हे मार्क कोणी घेत नाही, उरलेले निघण्याआधी गावातल्या बँकेतच बदलून टाका.