दुसरा मॅग्नेटो तसाच का ठेवला?

अमेरिकेतल्या डेटनमधल्या मराठी घरांत जेवायला गेलं की पानावर बसायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "विमानाचं इग्निशन इलेक्ट्रॉनिक केलंस म्हणे, मग अर्धंच का केलंस? दोनातला एकच मॅग्नेटो बदललास, दुसरा जुनाच का ठेवलास?" सांगलीचा मावसभाऊही फोनवर हेच विचारतो आणि वर काळजीने म्हणतो, "पैसे कमी पडले का गं?" पैशाचा प्रश्न नव्हता. पण उभ्या उभ्या दिलेलं उत्तर माझं मलाच अपुरं वाटतं, म्हणून आज नीट लिहिते.

माझं विमान 1975 सालचं सेसना 172. पुढे लायकमिंगचं ओ-320 इंजिन, चार सिलिंडर, 150 हॉर्सपॉवर. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण आठ. इंजिनच्या मागच्या बाजूला दोन मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं, डावा आणि उजवा, आणि प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग याच्याकडे, एक त्याच्याकडे. एक पूर्ण बंद पडला तरी इंजिन दुसऱ्यावर चालत राहतं, थोडी ताकद कमी होते इतकंच.

बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी त्यांना हँगरमध्ये नेलं आणि वरचं झाकण काढून इंजिन दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "याला प्लॅटिनम आहे का?"

बाबांचं आयुष्य बजाज चेतकवर गेलं. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली स्कूटर. पावसाळ्यात ती सुरू होईना झाली की अंगणात तिरकी करायची, प्लग काढून पुसायचा, तरीही नाही म्हणाली तर फ्लायव्हीलच्या खिडकीतून स्क्रू-ड्रायव्हर घालून प्लॅटिनमची गॅप बघायची. गॅरेजवाले कॉन्टॅक्ट पॉइंटला प्लॅटिनमच म्हणतात. पॉलिश पेपरची बारीक घडी त्या दोन टोकांमध्ये घालून बाबा हलक्या हाताने ओढायचे आणि मी टॉर्च धरायची. पुढे स्कूटरींना सीडीआय, म्हणजे पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आलं आणि हा सगळा सोहळा आमच्या अंगणातून गेला.

"आहे," मी म्हणाले. "दोन आहेत. अगदी तसेच."

त्यांना ते खरं वाटेना. अमेरिकेत, आकाशात उडणाऱ्या यंत्रात, आपल्या चेतकचं प्लॅटिनम!

मॅग्नेटोचं काम सांगायला सोपं आहे. आत एक कायमचा लोहचुंबक इंजिनबरोबर फिरतो आणि शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, पहिल्या गुंडाळीतला प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या, बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठून प्लगपर्यंत जातो. बॅटरी लागत नाही, अल्टरनेटर लागत नाही. पंखा फिरतोय तोवर ठिणगी आहे. विमानातली सगळी वीज गेली, रेडिओ मुका झाला, दिवे विझले, तरी इंजिनला त्याचा पत्ताही लागत नाही. बंद करण्याची रीत तर उलटीच. किल्ली फिरवली की मॅग्नेटोची एक तार जमिनीला, म्हणजे इंजिनच्या धातूला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. ती तार तुटली तर मॅग्नेटो बंद पडत नाही, चालूच राहतो. म्हणून उभ्या विमानाच्या पंख्याला कधीही निर्धास्त हात लावायचा नसतो. शिकणाऱ्या मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

आता याची दुसरी बाजू. माझं इंजिन प्रवासात मिनिटाला 2400 फेरे घेतं. चार सिलिंडरच्या या इंजिनात मॅग्नेटोही त्याच वेगाने फिरतो आणि दर फेऱ्याला पॉइंट दोनदा उघडतात. तासाला 2 लाख 88 हजार वेळा. मॅग्नेटो उघडून तपासायचा ते साधारण 500 तासांनी, म्हणजे तोवर 14 कोटी 40 लाख वेळा. इतक्या वेळा आपटून कुठला धातू झिजणार नाही?

तो झिजला त्या दिवशी नेमके आई-बाबा विमानात होते.

सप्टेंबरची सकाळ होती. लेक एरीमधल्या साउथ बास बेटावर, पुट-इन-बेला जायचं ठरलं होतं. आईने डब्यात थालीपीठं घेतली होती. उड्डाणाआधी धावपट्टीजवळ थांबून रनअप करतात. ब्रेक धरून इंजिन 1700 फेऱ्यांवर न्यायचं, किल्ली एकदा एका मॅग्नेटोवर, एकदा दुसऱ्यावर फिरवायची आणि फेरे किती उतरतात ते बघायचं. माझ्या विमानाला 125 पर्यंतची घट चालते आणि दोघांत 50 पेक्षा जास्त फरक नको. उजव्यावर काटा 100 ने उतरला. डाव्यावर 200 ने, आणि सगळं विमान थरथरायला लागलं. कधी कधी प्लगवर शिशाचे मणी साचतात. आपल्या पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं, पण या इंजिनांच्या 100 एलएल इंधनात ते अजून आहे. इंधन-हवेचं मिश्रण पातळ करून इंजिन थोडा वेळ जोरात चालवलं की बहुतेक वेळा प्लग साफ होतो. तसं केलं. थरथर गेली नाही. मी टॉवरला सांगून विमान वळवलं. थालीपीठं हँगरमध्येच खाल्ली.

मेकॅनिकने मॅग्नेटो उघडला तेव्हा बाबाही बाकाशी उभे होते. पॉइंटच्या एका टोकाला खड्डा, दुसऱ्याला उंचवटा. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजून आखूड झालेला, त्यामुळे गॅप कमी झालेली आणि टायमिंग मागे सरकलेलं. आतल्या भिंतीवर कार्बनची काळी पूड. मेकॅनिकने तो पॉइंट बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने खड्डा चाचपला आणि मला मराठीत म्हणाले, "पेपर मारून चालायचं नाही हे. बदल."

इथे डेटनची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण मी या गावात राहते याचा मला मनापासून अभिमान आहे. राइट बंधूंचं 1903 चं इंजिन याच गावात, त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलरने सहा आठवड्यांत घडवलं, आणि त्यालाही ठिणगी मॅग्नेटोचीच होती. त्यानंतर काही वर्षांतच याच गावात चार्ल्स केटरिंगने एडवर्ड डीड्सच्या घरामागच्या बार्नमध्ये मोटारींसाठी बॅटरीवर चालणारं इग्निशन बनवलं. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ते आलं, 1912 मध्ये त्याचाच सेल्फ-स्टार्टरही आला, आणि मोटारी हळूहळू बॅटरीच्या वाटेने निघून गेल्या. क्रायस्लरने 1973 पर्यंत अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांतून पॉइंटही काढून टाकले. विमानं मात्र मॅग्नेटोलाच धरून राहिली. लोक याला मागासलेपण म्हणतात. मला तसं वाटत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर कडेला घेता येते. शिवाय प्रमाणपत्र मिळालेल्या विमानात एखादा भाग बदलायचा तर त्या मॉडेलसाठी एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, मंजुरी लागते; तिला एसटीसी म्हणतात. परवानाधारक मेकॅनिकच्या हातून काम, 337 नंबरचा फॉर्म, सगळं. छोट्या बाजारासाठी हा खर्च करायला कंपन्या लवकर धजावल्या नाहीत. घरी बांधलेल्या विमानांचे मालक कितीतरी आधी या वाटेने गेले.

आता मंजुरी असलेले संच मिळतात. मी डाव्या मॅग्नेटोच्या जागी तसा एक बसवून घेतला. त्याच भोकात, त्याच दात्यावर बसतो. एक तार थेट बॅटरीला, मध्ये फ्यूज. विमानाची वीज चालू-बंद करणाऱ्या मास्टर स्विचवर तो अवलंबून नाही. एक रबरी नळी इंजिनच्या इनटेकला, म्हणजे हवा आत येते त्या वाटेला, तिथला दाब कळावा म्हणून. पाठीवर बारीक स्विचांची रांग, त्यांवर टायमिंग ठरतं.

ही नळी महत्त्वाची आहे. जुना मॅग्नेटो कायम एकाच जागी ठिणगी टाकतो, पिस्टन वर पोचायच्या 25 अंश आधी. पूर्ण जोरात, 2700 फेऱ्यांवर, हे 25 अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्यात मिश्रणाने पेट घेऊन दाब तयार व्हायला हवा. पण आठ हजार फुटांवर हवा विरळ, मिश्रण पातळ, आग सावकाश पसरते. तिथे ठिणगी लवकर पडलेली बरी. इलेक्ट्रॉनिक संच इनटेकचा दाब बघून ती आधी टाकतो, उड्डाणाच्या वेळी पुन्हा 25 वर येतो.

फरक मला सर्वांत आधी थंडीत कळला. मॅग्नेटोची ठिणगी फिरण्याच्या वेगावर अवलंबून. जानेवारीत तेल घट्ट, बॅटरी अशक्त, पंखा रेंगाळत फिरतो, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ठिणगी सगळ्यात दुबळी. म्हणून एका मॅग्नेटोला स्प्रिंगची कळ असते. ती चुंबकाला क्षणभर अडवते आणि खट्कन सोडते. त्या झटक्याने ठिणगी जोरात पडते, आणि उशिराही पडते, त्यामुळे इंजिन उलटं लाथ मारत नाही. माझ्या डाव्यात ती होती. नव्या संचाला तिची गरज नाही, हळू फिरतानाही ठिणगी तितकीच कडक. आता दोन-तीन पात्यांत इंजिन धरतं. उंचावर मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ करता येतं. इंधन वाचतं, पण जाहिराती वाचून जेवढी आशा वाटते तेवढं नाही; माझ्या नोंदीत ताशी अर्ध्या गॅलनच्याही आत. सिलिंडरचं डोकं मात्र थोडं जास्त तापतं. ठिणगी आधी पडते म्हटल्यावर ते होणारच. उन्हाळ्यात चढताना मी नाक थोडं खाली ठेवते.

मग उजवाही का नाही बदलला?

कारण दोन वाटा असण्याचा अर्थ, त्या दोन्ही एकाच कारणाने बंद होऊ नयेत. इलेक्ट्रॉनिक संचाला झिजणारे पॉइंट नाहीत, पण त्याला वीज लागते. बॅटरी गेली, फ्यूज उडाला, तार सैल झाली की तो गप्प. मॅग्नेटो झिजतो, पण त्याला कुणाकडून काही नको. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही. दोन्ही एकाच बॅटरीवर बसवले तर माझ्याकडे संच दोन असतील, आधार एकच. अमेरिकेचा नियमही प्लगच्या दोन जोड्यांना विजेचे वेगवेगळे स्रोत किंवा तितकीच भरवशाची दुसरी सोय मागतो. दोन्ही बाजू इलेक्ट्रॉनिक करता येतच नाहीत असं नाही. रोटॅक्स 912 या छोट्या विमानांच्या इंजिनाला जन्मापासून दोन्ही इलेक्ट्रॉनिक आहेत, पण त्याच्या ठिणगीची वीज इंजिनच्या आतल्याच कॉइल बनवतात. घरी बांधलेल्या विमानांत काही जण दुसरी बॅटरी ठेवतात. माझ्या विमानात हे काही नाही. तलावावर असताना अल्टरनेटर गेला तर बॅटरी कित्येक तास त्या संचाला पोसेल, हे मला माहीत आहे. तरीही पाण्यावर असताना मला असं काहीतरी हवं ज्याला बॅटरीचा हिशेबच करावा लागत नाही.

याची किंमतही आहे, ती सांगायलाच हवी. एका फेब्रुवारीत माझ्याकडून मास्टर स्विच चालू राहिला आणि बॅटरी पार उतरली. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मग हाताने फिरव की पंखा, किक मारल्यासारखा." पूर्वी माहितगार माणसाला तसं करता आलं असतं. आता नाही. बॅटरी मेलेली म्हणजे डावीकडे ठिणगीच नाही, आणि उजव्या मॅग्नेटोला स्प्रिंगची कळ नाही. तो हळू फिरताना 25 अंश आधीच पेटवायला जाईल आणि पंखा उलटा येऊन हात तोडेल. दिवसभर चार्जर लावून बसले. दुसऱ्या दिवशी उडाले.

आई-बाबा पुढच्या वर्षी पुन्हा आले. पुन्हा सप्टेंबर, पुन्हा थालीपीठं. रनअपला मी किल्ली उजव्यावर फिरवली. "शंभर," बाबा शेजारून म्हणाले. दोन्हीवर आणली, मग डाव्यावर. "चाळीस." हा फरक आता अपेक्षित आहे, दोघांचं टायमिंग वेगळं आहे, हे त्यांना मी आधी सांगितलं होतं. तरी त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं.

किनारा मागे पडला तशी आई काचेला नाक लावून खालच्या शिडाच्या होड्या मोजायला लागली. बेट दिसेपर्यंत बाबांनी खाली पाहिलंच नाही. त्यांची नजर फेऱ्यांच्या काट्यावर होती.