वर्दीतच होतो, पण आरोपीच्या बाजूने

मी कायदा शिकलेलो नाही. पायदळात कॅप्टन असताना आमच्या युनिटच्या एका हवालदारावर स्टोअरमधल्या तुटीवरून डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालय, बसलं आणि त्याने डिफेंडिंग ऑफिसर, म्हणजे बचाव मांडणारा अधिकारी, म्हणून माझं नाव दिलं. आर्मी रूल्स, १९५४ च्या नियम ९५ प्रमाणे आरोपीला तसा अधिकारी घेता येतो.

भेटल्या भेटल्या त्याने विचारलं, "साहेब, मी बोललेलं सीओ साहेबांच्या कानावर जाणार का?"

प्रश्न रास्त होता. आरोपाची पहिली सुनावणी सीओंनीच, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरनीच घेतलेली, समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधी नोंदवलेल्या साक्षी) त्यांच्याच हुकमाने लिहिलेली आणि माझा एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, लिहिणारेही तेच! नुसत्या "नाही"वर त्याने का विश्वास ठेवावा? मी पुस्तकच उघडून दाखवलं. डिफेंडिंग ऑफिसरला वकिलाचेच हक्क आणि वकिलाचीच बंधनं. नियम ३३ प्रमाणे आरोपीला बचावाच्या माणसाशी मोकळेपणी बोलू द्यावंच लागतं. मग पहारेकऱ्याला ऐकू येणार नाही एवढं लांब उभं करायला लावलं. तेव्हा कुठे तो बोलता झाला.

तरी एक गाठ सुटेना. कोर्ट मार्शलला तेव्हा १८७२ चा पुरावा कायदा लागू होता. त्याचं कलम १२६ बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर आणि वकील यांनाच अशिलाचं गुपित फोडायला मनाई करत होतं. माझ्यासारखा वर्दीवाला त्यात बसतो का? उद्या मलाच साक्षीला बोलावलं तर? म्हणून त्याला नियम ९६ प्रमाणे बाहेरचा वकील करायला सांगितलं. फी त्याच्याच खिशातून गेली, ते मला आजही खटकतं. नाजूक गोष्टी वकिलाकडे, लेजर आणि स्टोअरचे कागद माझ्याकडे, अशी वाटणी केली.

मेसमध्ये सीओंनी सहज विचारावं तसं विचारलंच, "काय म्हणतोय तुझा हवालदार?"

"सर, ते कोर्टातच ऐकाल."

त्यांनी विषय बदलला. रागावले असतील, पण पुन्हा विचारलं नाही.

कोर्टाने एका आरोपातून त्याला सोडलं, दुसऱ्यात दोषी धरलं. मंजुरीशिवाय असा निकाल लागू होत नाही, म्हणून आर्मी अॅक्टच्या कलम १६४ खाली अर्ज केला. मंजुरी देणाऱ्यांना कायद्याचा सल्ला देणारे जॅगचे (लष्कराच्या कायदा शाखेचे) अधिकारी माझ्या चांगल्या ओळखीचे होते. निकाल मंजूर होऊन येईपर्यंत मी त्यांना फोन केला नाही.