कोन, सिन, पारा: दोन विहिणींबरोबर आंजर्ल्यात

माझ्या चुलतभावाचं लग्न स्पेनमधल्या मुलीशी झालं. यंदा तिची आई पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा काकूने जाहीर केलं, "ताजमहाल नंतर. विहीणबाईंना आधी कोकण दाखवायचं." विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, काकूला जेमतेम येतं. घरात स्पॅनिश शिकलेली मी एकटी, त्यामुळे माझी गाडीतली जागा पक्की झाली.

निघण्याआधी काकूला शिकवायला बसले. मोबाइलवरच्या धड्यांत सुरुवातीलाच सफरचंद, मुलगा, मांजर अशी नामं येतात, त्याचा मला मनापासून राग आहे. सफरचंद बोटाने दाखवता येतं. 'साठी', 'अजून', 'नंतर' कसे दाखवणार? म्हणून काकूच्या वाणसामानाच्या वहीत मी छोटे शब्द लिहून दिले. कोन म्हणजे घालून, बरोबर. सिन म्हणजे शिवाय. पारा म्हणजे साठी. मास, अजून. या नो, आता नको. आकी, इथे. आंतेस, आधी. देस्पुएस, नंतर. काकूने वही पर्समध्ये टाकली आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, बसल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली.

रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला थांबलो. 1740मध्ये पोर्तुगीज तिथून गेले, पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात, तिला नॉलिंग म्हणतात. वाक्यातलं क्रियापद मात्र मराठीसारखं शेवटी. दोन बायका गप्पा मारत चालल्या होत्या, त्यांचं स्पॅनिशच्या जवळचं बोलणं कानावर पडताच विहीणबाई जागीच थांबल्या. मला त्यावरून वाटलं, आपण मराठीने पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, चावी असं पुष्कळ घेतलं, पण 'आणि', 'साठी', 'मध्ये' यांसारखा एकही शब्द घेतला नाही. वस्तू आल्या की त्यांची नावं त्यांच्याबरोबर येतात. हे बारके शब्द यायला माणसांनी एकमेकांच्या घरात राहावं लागतं.

मुरूडला शनिवारची गर्दी होती. वाळूवर गाड्या पळवणाऱ्यांचा संताप आला आणि मुक्काम न करताच पुढे निघालो. आगरदांड्याहून जंगलजेट्टी, म्हणजे तशीच गाड्यांची बोट, हरिहरेश्वर, मग बागमांडला-वेसवीची जेट्टी. रस्ता वाईट, पाठी दुखल्या, आणि संध्याकाळी आंजर्ल्यात पोचलो.

ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींचं घर साधं, गाद्या पातळ, पण स्वयंपाकघर पाहून दोन्ही विहिणी तिथेच रमल्या. चुलीवर मोदकपात्र, एका पातेल्यात डाळिंब्यांची उसळ. काकूने हिरवी मिरची उचलून विचारलं, "कोन? सिन?"

"सिन, सिन!" विहीणबाई दोन्ही हात हलवत म्हणाल्या. मावशींनी त्यांच्यासाठी उसळ वेगळी काढली. सोलकढीचा पेला रिकामा झाला तसं काकूने भांडं पुढे केलं, "मास?" तिसऱ्या पेल्यानंतर उत्तर आलं, "या नो."

मग मोदक वाफवून झाले. मावशींनी पहिले पाच एका वाटीत काढून बाजूला ठेवले. विहीणबाईंनी त्या वाटीकडे हात नेला, मावशी दचकल्या, आणि मी उठून मध्ये पडणार तेवढ्यात काकू देवघराकडे बोट करून म्हणाली, "पारा देव. आंतेस." मग तिघींकडे बोट फिरवून, "पारा नोसोत्रास. देस्पुएस."

विहीणबाईंनी हात मागे घेतला. उठल्या, हात धुतले, आणि देवघरापुढे जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. नैवेद्य म्हणजे काय हे मला स्पॅनिशमध्ये सांगायला दहा वाक्यं लागली असती. काकूने एकही क्रियापद न वापरता ते पोचवलं. माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर चालताना मी काकूला पुढचं शिकवलं, आणि तेव्हा जाणवलं की आपल्याला स्पॅनिश इंग्रजीतून शिकवणं हा केवढा अन्याय आहे. इंग्रजीतल्या 'फॉर' या एकाच शब्दापोटी 'पोर' आणि 'पारा' असे दोन आले की वर्गात सगळे गोंधळतात. मराठी माणसाने का गोंधळावं? पावसामुळे थांबलो, तिथे पोर. काकूसाठी मोदक, तिथे पारा. किनाऱ्याने चाललो, तिथेही पोर. समुद्र पाहते, 'वेओ एल मार', पण काकूला पाहते, 'वेओ आ ला तीआ'. माणूस आला की मध्ये 'आ' येतो, जसा आपल्याकडे 'ला' येतो. 'मे गुस्ता' तर थेट 'मला आवडतं'च. आवडणारी गोष्ट कर्ता, आणि आपण 'मला'. अनेकवचन झालं की 'मे गुस्तान', मला आवडतात. काकूला हे समजावून सांगावंच लागलं नाही. फरक एवढाच, की आपले 'ला', 'त', 'साठी' नामाच्या मागून येतात, त्यांचे पुढून.

त्याची दुसरी बाजू विहीणबाईंनी दाखवली. निघताना त्यांनी मावशींच्या हातात स्वतः आणलेला रेशमी घडीचा पंखा ठेवला आणि म्हणाल्या, "साठी मावशी." मावशींनी त्यांना जवळ घेतलं.

हर्णैचा मासळीचा लिलाव, सुवर्णदुर्ग, परतीचा प्रवास, सगळं छान झालं. उन्हाळ्यात काकू तिकडे जाणार आहे. काल फोन करून तिने 'पोर्के' आणि 'सी' मागून घेतले, म्हणजे कारण आणि जर-तर. विहीणबाईंना तिला सांगायचंय, की नातवंडं झाली तर ती मराठीही बोलली पाहिजेत, आणि का, तेही.