कुणाच्याही बोटाने उघडणारा फोन: तक्रार नोंदवण्याचा माझा अनुभव

पंचवटीतल्या आमच्या बचत गटाच्या खात्याचे व्यवहार माझ्या फोनवरून होतात. त्यामुळे भाचीने सहज स्क्रीनला बोट लावलं आणि फोन उघडला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. तिचं बोट मी कधीच नोंदवलेलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी लावून पाहिलं, तरी उघडला. लगेच बँकेच्या अ‍ॅपमधलं फिंगरप्रिंट लॉगिन बंद केलं आणि भाचीला घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं.

टोकन, बिल, वॉरंटी सगळं पटकन झालं. अडलं ते काउंटरवर.

तिथल्या मुलाने स्क्रीन पुसली, स्वतःचं बोट टेकवलं. फोन उघडला नाही. “ताई, सेन्सर नॉर्मल आहे.” भाचीने बोट ठेवलं, उघडला. तर म्हणे, “घरातलंच बोट आहे, तुम्हीच कधीतरी अ‍ॅड केलं असेल.” मी नोंदवलेल्या बोटांची यादी दाखवली, त्यात फक्त माझा अंगठा. मग म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो, डेटा जाईल.” कारणच कळलेलं नसताना फॉरमॅट कशाला? मी म्हटलं, आधी जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर लिहा की नोंद नसलेल्या बोटाने फोन उघडतो. त्यावर उत्तर आलं, सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाही, ‘फिंगरप्रिंट चालत नाही’ एवढंच टाकता येतं. अहो दादा, माझी तक्रार बरोबर उलटी आहे! तसं लिहिलं असतं तर आतल्या माणसाने माझा अंगठा लावून घेतला असता, फोन उघडला असता आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत मिळाला असता. जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद झालं, तरी मी खुर्चीवरून हलले नाही. शेवटी मॅनेजरबाई आल्या. काकूंच्या बोटाने फोन उघडतानाचा व्हिडिओ मी घरूनच दुसऱ्या फोनवर काढून आणला होता, तो त्यांनी पाहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात माझं वाक्य जसंच्या तसं लिहून दिलं. तो रकाना सुरुवातीपासून तिथेच होता! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुम्हीही असा व्हिडिओ न्याच, आणि शेरा वाचल्याशिवाय जॉबशीटवर सही करू नका.

आतल्या टेक्निशियनने दोष लगेच पकडला. सेन्सर स्क्रीनच्या खाली आणि वर बाजारातला जेलवाला स्क्रीनगार्ड. सेन्सर गार्डच्या पोतालाच बोटाच्या रेघा समजत होता, मग वरून कोण दाबतंय याला फारसा अर्थ उरत नव्हता. 2019 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 10 मध्ये असंच घडलं होतं. कंपनीने ते मान्य करून अपडेट दिलं होतं. माझा गार्ड काढला, जुना ठसा पुसला, अपडेट टाकलं आणि उघड्या स्क्रीनवर अंगठा पुन्हा नोंदवला. भाचीने सगळी बोटं लावून पाहिली. एकानेही उघडला नाही तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पण ठशावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. फोनचा सेन्सर लहान असतो, तो अख्खं बोट नाही तर त्याचा तुकडा जुळवतो. जितकी बोटं नोंदवाल तितकी चुकून जुळण्याची शक्यता वाढते, म्हणून घरातल्या सगळ्यांची बोटं एकाच फोनमध्ये घालू नका. 2013 मध्ये आयफोन 5 एस बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर्सच्या संघटनेने काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो काढून नकली बोट बनवलं आणि त्याने फोन उघडून दाखवला. आपले ठसे तर पेल्यावर, दारावर, खुद्द फोनच्या काचेवर पडलेलेच असतात. झोपलेल्या माणसाचं बोटही कुणी लावू शकतं. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? गटाच्या खात्याला मी आता फक्त पिन ठेवला आहे, तोही सहा आकडी आणि जन्मतारखेचा नसलेला.

गर्दीत किंवा प्रवासात असाल तर फोन बंद करून पुन्हा चालू करा. त्यानंतर पहिल्यांदा उघडायला तो पिनच मागतो, बोट चालत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरच्या मेनूत ‘लॉकडाउन’ असतं, त्यानेही हेच होतं.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: दुरुस्तीला फोन देताना पिन मागतात, तो कागदावर लिहून देऊ नका. काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, तो लावला की आपला डेटा झाकलेला राहतो. तो नसेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून लॉगआउट करूनच फोन त्यांच्या हातात द्या.