पंख्याची तीन पाती कुठे गेली? होडीच्या इंजिनाचे कूलिंग, पावसाळी कामाची नोंद

मे महिन्याच्या अखेरच्या फेऱ्यांत माझ्या 28 फुटी लाकडी होडीचे डिझेल इंजिन पुन्हा तापू लागले होते. संथ चालीत काटा 80 अंशांच्या आसपास स्थिर राहत असे, परंतु मिनिटाला 2,200 फेऱ्यांच्या वर नेताच दहा मिनिटांत तो 95 पर्यंत चढत असे. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पात्यांचा पंखा, मी मार्चमध्येच बदलला होता. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात दाभोळ खाडीकाठी नौका ओढून ठेवल्या जातात. त्यांच्यासोबत माझीही होडी वर घेतली आणि समुद्राचे पाणी जिथून आत येते तिथपासून एक्झॉस्टपर्यंतचा सगळा मार्ग क्रमाने उघडून पाहण्याचे ठरवले.

माझ्या इंजिनात दोन वेगळी पाणी फिरतात. आतल्या बंद मार्गात कूलंट आहे, आणि हीट एक्सचेंजरच्या बारीक नळ्यांमधून जाणारे खारे पाणी त्या कूलंटची उष्णता घेऊन एक्झॉस्टवाटे बाहेर पडते. संथ चालीत थोडे खारे पाणीही पुरते, म्हणून मार्ग अर्धवट तुंबला तरी ते इंजिनावर भार येईपर्यंत लक्षात येत नाही.

तळाचा व्हॉल्व्ह आणि गाळणी यांत फारसे काही निघाले नाही. जाळीवरचे कोवळे बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचधारी समुद्री जीव) लाकडी पट्टीने खरवडून काढले. पंपाच्या झाकणावर मात्र इम्पेलरने गोलाकार चरे पाडले होते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गढूळ, तांबड्या पाण्यात होडी चालवल्याचा हा परिणाम असावा, असे मला वाटते. झाकणाची दुसरी बाजू गुळगुळीत असल्याने तूर्त तीच आत करून नवीन कागदी गॅस्केटसह बसवले आहे.

खरे कारण हीट एक्सचेंजरचे टोकाचे झाकण काढल्यावर सापडले. मार्चमध्ये काढलेला जुना इम्पेलर मी जपून ठेवला होता आणि त्याची तीन पाती तुटलेली होती. त्या वेळी ती शोधायला हवी होती. तिन्ही पाती नळ्यांच्या तोंडाशी एकमेकांवर चिकटून बसली होती आणि त्यांच्याच शेजारी झिजून मोडलेल्या जस्ताच्या कांडीचा तुकडा पडला होता. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की इम्पेलरचे एखादे पाते जरी कमी दिसले, तरी ते हाती लागेपर्यंत नवा इम्पेलर बसवून काम संपले असे कोणी समजू नये.

नळ्यांमधला क्षार काढण्यासाठी त्यांचा संच सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात रात्रभर ठेवला. नळ्या आतून साफ करताना लोखंडी सळई वापरली नाही; त्यांचा धातू मऊ असतो, त्यामुळे बांबूची बारीक काडी पुरेशी ठरली. त्यानंतर खाऱ्या पाण्याच्या बाजूची तोंडे रबरी बुचांनी बंद करून, सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब देऊन संच पाण्यात बुडवला. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तशीच ही पद्धत आहे. एकही बुडबुडा आला नाही, याचे समाधान मोठे होते.

जस्ताची नवी कांडी बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली नाही, कारण तिचा इंजिनाच्या धातूशी थेट संपर्क राहिला तरच ती स्वतः झिजून बाकीच्या धातूंना वाचवते. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंटला वाट देणारी झडप) पातेल्यातील पाण्यात तापवून पाहिला; 82 च्या आसपास तो उघडू लागला, म्हणून तोच परत बसवला. सगळे होजपाइप दाबून तपासले, दोन कडक झालेले बदलले आणि पाण्याच्या पातळीखालच्या जोडांना दोन-दोन स्टेनलेस क्लिपा लावल्या.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरवली. 2,200 फेऱ्यांवर, भरतीच्या उलट दिशेने, पाऊण तास चालवल्यावरही काटा 83 च्या पुढे गेला नाही आणि एक्झॉस्टमधून पाण्याचा जोरदार, सलग फवारा पडत होता. आता एक्झॉस्टचा एल्बो (वाकडा जोड) तेवढा उघडायचा राहिला आहे. खारे पाणी आणि गरम धूर तिथेच मिसळतात, त्यामुळे आत काजळी आणि गंज धरलेला असण्याची शक्यता आहे. त्याचे बोल्ट जुने असल्याने आठवडाभर आधीपासून त्यांच्यावर तेल सोडत आहे.